बगळ्याला पळवू नका, उभा करा

प्रश्न थोडक्यात असा. ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी पाठलागाची छोटी फिल्म करते आहे. भाताच्या खाचरात बगळा बेडकाच्या मागे लागतो आणि बेडूक दर वेळी निसटतो. ३ मिनिटं ४० सेकंदांचं ॲनिमॅटिक, म्हणजे रेखाटनं वेळेनुसार जोडून केलेला फिल्मचा कच्चा आराखडा, तयार झालं, वर्गात दाखवलं, कुणीच हसलं नाही. सर म्हणाले, रोडरनर या पक्ष्याच्या मागे कायोटी हा कोल्ह्यासारखा अमेरिकन प्राणी लागतो, त्या मालिकेचं पहिलं कार्टून बघ. तिने ते चारदा बघितलं आणि तिला त्यात नुसतं धावणं आणि आपटणं दिसलं. सोबत ॲनिमॅटिक जोडून ती विचारते: मीही तेच केलंय, मग माझ्या फिल्मला हसू का येत नाही? त्या कार्टूनमध्ये नेमकं बघायचं तरी काय?

तुमच्या सरांनी फिल्म अगदी योग्य सांगितली, फक्त तिच्यात काय शोधायचं ते सांगायचं राहिलं. मी २६ वर्षं ॲनिमेशन करतोय, त्यातली पहिली बरीच वर्षं कागद, पेन्सिल आणि लाइट बॉक्सवर. त्या जोरावर सांगतो: पाचव्यांदा बघाल तेव्हा धावणं बघूच नका. कायोटी कुठे कुठे थांबतो, किती वेळ थांबतो आणि थांबल्यावर त्याचे डोळे काय करतात, एवढंच बघा. हातात स्टॉपवॉच घ्या, किंवा फ्रेम मोजता येतील अशा प्लेअरवर लावा. तुमचं ॲनिमॅटिक मी तीनदा पाहिलं. तुमचा बगळा पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत पळतोय. तो एकदाही उभा राहत नाही. बगळा! ज्याच्या उभं राहण्यावरून आपल्या भाषेत ‘बकध्यान’ हा शब्द आला, तो पक्षी तुम्ही पावणेचार मिनिटं पळवलात. याकडे शेवटी येतो.

आधी ती फिल्म. तिचं नाव ‘फास्ट अँड फरी-अस’. वॉर्नर ब्रदर्सने ती १७ सप्टेंबर १९४९ रोजी प्रदर्शित केली. दिग्दर्शक चक जोन्स, कथा मायकेल माल्टीज, संगीत कार्ल स्टॉलिंग. चाललेला काळ टॉम आणि जेरीचा होता. एकाने दुसऱ्याच्या मागे धावायचं, भांडी फुटायची, या साच्यातली कार्टून्स धडाधड निघत होती. जोन्स आणि माल्टीज यांना त्या साच्याचं विडंबन करायचं होतं. पाठलागच पाठलाग दाखवायचा, इतका की त्यातला वेडेपणा उघडा पडावा. प्रेक्षकांनी ते विडंबन म्हणून घेतलंच नाही, त्यांना तो पाठलागच मनापासून आवडला. तरी दुसरं कार्टून यायला १९५२ उजाडलं. तोवर हे एकटंच होतं. म्हणून त्यात पुढच्या भागांइतकी सफाई नाही, आणि शिकणाऱ्याला ते जास्त उपयोगी आहे. काय चाचपडून पाहिलं आणि काय हाती लागलं, ते त्यात दिसतं.

विडंबन करायला बसलं की त्या प्रकारातलं नको ते सगळं काढून टाकावं लागतं. या दोघांनी घर काढलं, मालकीण काढली, कुत्रा काढला, संवाद काढले. उरलं काय? एक रस्ता, कडे, आभाळ, एक भुकेला प्राणी आणि एक पक्षी. नावाच्या जागी खोटं लॅटिन: पक्ष्याला ‘ॲक्सेलरेटी इन्क्रेडिबस’, कायोटीला ‘कार्निव्होरस व्हल्गॅरिस’. कायोटीचं ‘वाइली’ हे नावसुद्धा इथे नाही. ते १९५२ साली, तेही बग्ज बनीबरोबरच्या एका वेगळ्या कार्टूनमध्ये आलं. मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाने १८७२ साली छापलेल्या आपल्या पश्चिमेच्या प्रवासवर्णनात कायोटीचं एक वर्णन केलंय: सदा उपाशी, हाडं निघालेला, दैन्य म्हणजे काय ते बघायचं तर याच्याकडे बघावं असा प्राणी. जोन्सनी ते लहानपणी वाचलं होतं आणि त्यांचा कायोटी तिथून आला, असं ते पुढे आवर्जून सांगत. या माहितीचा तुम्हाला उपयोग असा, की कायोटीला रोडरनर का हवा, हा प्रश्न ती फिल्म बघताना कुणालाही पडत नाही. बरगड्या बघितल्या की उत्तर मिळतं. तुमच्या बगळ्याला बेडूक का हवा? तुमचा बगळा छान गुबगुबीत आहे.

आता मुख्य गोष्ट. नुसत्या पायांचा पाठलाग त्या फिल्मच्या सुरुवातीलाच बहुतेक संपतो. कायोटी मागे लागतो, पक्षी क्षणात वेग वाढवून दिसेनासा होतो, आणि कायोटीला कळतं की पायांनी हे काम होणार नाही. त्यानंतरचा बहुतेक वेळ तो युक्त्या लढवतो.

इथे निसर्गाची एक गोष्ट सांगतो, कारण दिग्दर्शकाने काय केलं ते त्यातून स्पष्ट होतं. खरा कायोटी ताशी ६० किलोमीटरच्या वर पळू शकतो. खरा रोडरनर ताशी ३० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे खरोखर शर्यत लागली तर पक्षी काही सेकंदांत संपला. हा पक्षी कोकिळेच्या कुळातला आहे, जमिनीवर फिरणारा, साप-सरडे खाणारा. आपला भारद्वाज त्याच कुळातला. कुंपणाच्या कडेने, झुडपांखालून लांब शेपूट सावरत तुरुतुरु चालणारा भारद्वाज बघितला असेल, तर रोडरनरच्या चालीची थोडी कल्पना येईल. जोन्सनी हे प्रमाण उलटं केलं. शिकाऱ्याचे पाय काढून घेतले. त्याच्याकडे फक्त डोकं ठेवलं. ज्याच्याकडे फक्त डोकं उरलं त्याला विचार करावा लागतो, आणि विचार करणारा प्राणी थांबलेला असतो. पडद्यावर विचार दाखवायचा दुसरा मार्ग मला तरी आजवर सापडलेला नाही.

कड्यावरून पडणं घ्या. ‘सुपर आउटफिट’ घालून कायोटी कड्यावरून झेप घेतो आणि सरळ खाली जातो, हा प्रसंग या पहिल्या फिल्ममध्ये आहे. पुढच्या भागांमध्ये ते पडणं घासूनपुसून पक्कं झालं: कॅमेरा वरून, खाली खोल दरी, कायोटी लहान लहान होत जातो, ठिपका होतो, नाहीसा होतो, आणि मग तळाशी धुळीचा छोटासा पुंजका उठतो. जोन्सनी त्याचं माप लिहून ठेवलंय. दिसेनासा होईपर्यंत १८ फ्रेम, आणि तिथून आपटेपर्यंत १४ फ्रेम. १३ नाही, १५ नाही. एका फ्रेमने इकडेतिकडे झालं तर हसू कमी होतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे आकडे जरा उलगडून बघा. सेकंदाला २४ फ्रेम. १८ फ्रेम म्हणजे पाऊण सेकंद, १४ म्हणजे साधारण ०.५८ सेकंद, दोन्ही मिळून १.३३ सेकंद. खऱ्या गुरुत्वाकर्षणाने १.३३ सेकंदांत वस्तू पावणेनऊ मीटर पडते, तीन मजल्यांच्या इमारतीइतकी. पडद्यावर दिसणारी दरी कितीतरी खोल आहे. समजा ती ३०० मीटर धरली, तर खरं पडायला पावणेआठ सेकंद लागतील, म्हणजे १८८ फ्रेम. पावणेआठ सेकंद कोणी पडताना बघत बसलं तर प्रेक्षकाच्या पोटात गोळा येईल, काळजी वाटेल. म्हणजे हे माप दरीच्या खोलीवरून आलेलंच नाही. ‘गेला... गेला का?... गेला!’ हे मनातल्या मनात म्हणायला माणसाला जेवढा वेळ लागतो, त्यावरून ते आलंय.

माझ्या मते त्या ३२ फ्रेममधल्या शेवटच्या १४ फ्रेम सगळ्यात मोलाच्या आहेत. त्यांत चित्रात काहीही हलत नाही. कायोटी दिसत नाही, धूळ अजून उठलेली नाही. रिकामी दरी. ॲनिमेटरने तिथे एकही रेघ काढलेली नाही, आणि प्रेक्षक तिथेच फिल्ममध्ये सगळ्यात जास्त गुंतलेला असतो. तुमच्या ॲनिमॅटिकमध्ये बगळा चिखलात कोसळतो त्या शॉटला कोसळणं आणि शिंतोडे एकाच फ्रेमवर आहेत. प्रेक्षकाला आत शिरायला जागाच नाही.

वरून दिसणारं पडणं काढताना एक तांत्रिक चूक बहुतेक सगळे करतात, तीही सांगून ठेवतो. पडणारी वस्तू वेग घेते, म्हणून आपण शेवटी शेवटी चित्रांतलं अंतर वाढवतो. बाजूने बघताना ते बरोबर. पण वरून बघताना वस्तू आपल्यापासून लांब जाते, आणि लांब गेलेली वस्तू सावकाश लहान होते. म्हणून आकार सुरुवातीच्या पाच-सहा फ्रेममध्ये भराभर कमी करायचा आणि उरलेल्या फ्रेममध्ये हळूहळू. उलटं केलंत तर कायोटी खाली जातोय असं न वाटता कोणीतरी त्याला फुग्यासारखा फुस्स करतंय असं वाटेल.

पडण्याच्या आधीचा थांबा तर त्याहून महत्त्वाचा. कायोटी कड्याच्या पुढे हवेत गेलेला असतो. त्याला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. मग त्याला कळतं. मग तो पडतो. या तीन पायऱ्या वेगवेगळ्या हव्यात, एकीवर दुसरी चढता कामा नये. आणि कळणं आधी डोळ्यांत यायला हवं, मग कानांत, मग खांद्यांत. पुढच्या काही भागांत शरीर आधी खाली जातं, मान ताणली जाते आणि डोकं क्षणभर वरच राहतं. बिचाऱ्याला अजून आपल्याकडे बघायचं असतं. मी वर्गात हे शिकवतो तेव्हा मुलांना सांगतो की कळण्याचं चित्र आधी काढा. ते एक चित्र जमेपर्यंत बाकी काही काढू नका. १९९९ साली मुंबईतल्या एका स्टुडिओत मी कुत्रा मुलाच्या मागे लागतो असा प्रसंग करत होतो. तीन आठवडे पळण्याच्या सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवायचे पावलांचे चित्रसंच, घासले. आमच्या ज्येष्ठ ॲनिमेटरनी पेन्सिल टेस्ट, म्हणजे कच्च्या चित्रांची चाचणी, बघितली आणि एवढंच विचारलं, ‘पळताना कुत्र्याला काय वाटतंय?’ मला सांगता आलं नाही. कुत्रा दरवाज्याशी येतो तिथली माझी चार चित्रं त्यांनी काढून टाकली आणि त्याऐवजी एकच चित्र १० फ्रेम धरून ठेवलं: कुत्रा थांबलाय, एक कान वर. प्रसंग उभा राहिला. ती टेस्ट मी अजून जपून ठेवली आहे.

तुम्ही संगणकावर करताय म्हणून इथे एक सावधगिरी. कागदावरच्या चित्राचा होल्ड (एकच चित्र काही फ्रेम धरून ठेवणं) आणि सॉफ्टवेअरमधला होल्ड सारखा दिसत नाही. पोज कच्ची असेल तर सॉफ्टवेअरमधलं पात्र १० फ्रेम धरल्यावर फाइल अडकल्यासारखं वाटतं. यावर लोक घाईने सगळं अंग डुलवायला लागतात, तेही वाईट. एकच गोष्ट हलवा: पापणी, किंवा मिशीचं टोक, किंवा डोक्यावरचं एक पीस. बाकी सगळं दगड.

रंगवलेला बोगदा तुम्हाला आठवत असेलच. कायोटी खडकावर बोगद्याचं चित्र रंगवतो, पक्ष्याने त्यावर आपटावं म्हणून. पक्षी चित्रातून आरपार निघून जातो. कायोटी चकित होतो, मग तोही धावतो, आणि खडकावर आपटतो. या प्रसंगावर मी अख्खं व्याख्यान देऊ शकतो. लोकांना वाटतं विनोद आपटण्यात आहे. आपटणं अर्ध्या सेकंदाचं आहे. विनोद त्याच्या तर्कात आहे. तो विचार करतो: पक्षी गेला, म्हणजे बोगदा खरा आहे, खरा असेल तर मीही जाईन. यात चूक काय? त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तरी हेच केलं असतं. त्याने बरोबर विचार केला आणि तरी त्याचं थोबाड फुटलं. म्हणून आपण त्याला हसतो तेव्हा त्या हसण्यात थोडी कणव असते. मूर्ख पात्राला मार बसला तर ती कणव येत नाही. तुमचा बगळा तिसऱ्या युक्तीत डोळे मिटून चोच मारतो. का मिटतो? त्याने मूर्खपणा केला की प्रेक्षक त्याच्यापासून लांब जातो. त्याला शहाणा ठेवा.

याच कारणासाठी तुमच्या सातव्या शॉटमधली बेडकाची लाथ काढून टाका. जोन्सनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात या मालिकेचे नियम दिले आहेत. रोडरनरने कायोटीला ‘बीप बीप’ करण्यापलीकडे इजा करायची नाही. रस्ता सोडायचा नाही. कायोटीला बाहेरच्या कुठल्या शक्तीने इजा व्हायची नाही, फक्त त्याच्या स्वतःच्या चुकीने किंवा ‘ॲक्मे’ या कार्टूनमधल्या काल्पनिक कंपनीच्या मालाने दगा दिल्याने. शक्य तिथे गुरुत्वाकर्षण हाच त्याचा सगळ्यात मोठा शत्रू. त्याला जखमेपेक्षा अपमान जास्त व्हावा. आणि कायोटी हवं तेव्हा हे सगळं सोडून जाऊ शकतो, त्याला कोणी बांधून ठेवलेलं नाही. हा शेवटचा नियम मला फार आवडतो. तो उठून निघून गेला असता तर आपण त्याला विसरलो असतो.

पण हे नियम कोणी आधी फळ्यावर लिहून मग कामाला बसलं, असं समजू नका. माल्टीजना पुढे कोणी विचारलं तेव्हा असे काही नियम आपण कधी ऐकले नव्हते, असं त्यांनी सांगितलं. आणि तुम्ही बघितलेल्या याच फिल्मच्या शेवटी कायोटीला चक्क एक बस उडवते, आणि त्या बसच्या मागच्या खिडकीतून पक्षी बघत असतो. बस म्हणजे बाहेरचीच शक्ती. नियम तिथेच मोडला, कारण नियम अजून जन्माला आला नव्हता. करता करता त्यांच्या लक्षात आलं की पक्षी दुष्ट झाला की मजा जाते, आणि मग ते हळूहळू तिकडून दूर सरकले. तुम्हीही आधी चार युक्त्या पूर्ण करा, त्यांतल्या कोणत्या दोन मनापासून आवडतात ते बघा, आणि मग त्या दोन कोणत्या नियमाने चालतात ते शोधा. उरलेल्या दोन त्या नियमात बसवा किंवा टाकून द्या.

लांबीबद्दल. तुमच्या ॲनिमॅटिकमधल्या सगळ्या युक्त्या २० ते २२ सेकंदांच्या आहेत, मी मोजल्या. तिसरी सुरू झाली की प्रेक्षकाला ती कधी संपणार ते कळतं, आणि कळलं की संपलं. आता कायोटीचं बघा. रॉकेटचा प्रसंग झटपट आहे: स्वतःला बांधतो, पेटवतो, पुढे जायच्या ऐवजी रॉकेट सरळ वर जातं आणि डोक्यावरच्या खडकात शिरतं. शाळकरी मुलीचा वेश घालून रस्ता ओलांडायला उभा राहतो तोही छोटाच. पण फ्रिजचं यंत्र घ्या. पाठीवर फ्रिज, त्याला मोटर, पुढे खिमा करायचं यंत्र, पायात स्की. फ्रिजमधला बर्फ दळला जाऊन पायांपुढे पडतो आणि भर वाळवंटात तो बर्फावरून घसरत जातो. इथे दिग्दर्शक घाई करत नाही. प्रत्येक भाग आपल्याला नीट दिसू देतो, कारण यंत्र बिघडायच्या आधीच हसू सुरू होतं. एवढी अक्कल, एवढी मेहनत, आणि कशासाठी तर एका हडकुळ्या पक्ष्यासाठी! मी स्वतः त्या यंत्राच्या रेखाटनाकडे कितीतरी वेळा नुसता बघत बसलोय. ज्याने ते सुचवलं त्याने कायोटीवर खरंच प्रेम केलं असलं पाहिजे.

याला जोडून एक कामाची गोष्ट. वॉर्नरच्या स्टुडिओत फिल्म आधी जास्त लांब करून मग कापायची सोय नव्हती. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, मिनिटाला ९० फूट. सहा मिनिटांचं कार्टून म्हणजे ५४० फूट, ८,६४० फ्रेम. दोन दोन फ्रेमला एक चित्र धरलं तरी एका पात्राची ४,३२० चित्रं, आणि प्रत्येक चित्र सेलवर (पारदर्शक पानावर) हाताने उतरवून रंगवायचं. काढलेलं चित्र फेकणं परवडणारं नव्हतं. म्हणून दिग्दर्शक ॲनिमेटरला काम देण्याच्या आधीच एक्सपोजर शीटवर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला एक ओळ असलेल्या तक्त्यावर, फ्रेम न् फ्रेम लिहून द्यायचा: इथे १२ धरायच्या, इथे पापणी, इथे ६ मध्ये बाहेर. संकलन असायचं ते डोक्यात आणि कागदावर. तुम्हाला टाइमलाइनवर क्लिप ओढून लांब-आखूड करायची सवय आहे, त्यात वाईट काही नाही. पण एकदा, फक्त एका युक्तीसाठी, कागदावर शीट भरून बघा. टाइमलाइनवर हालचाली दिसतात. शीटवर रिकाम्या जागा दिसतात.

आवाजाचं थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही अजून त्या टप्प्यावर नाही आहात. ‘बीप बीप’ हा आवाज पॉल ज्युलियन यांचा. ते स्टुडिओतले पार्श्वभूमी रंगवणारे कलाकार होते. मोठमोठी चित्रं हातात घेऊन बोळातून जाताना समोरचं दिसायचं नाही, म्हणून लोकांनी बाजूला व्हावं यासाठी ते तोंडाने हा आवाज काढत. तोच पक्ष्याला दिला. ट्रेग ब्राउन यांनी बाकीचे आवाज लावले. स्टॉलिंग मुळात मूकपटांच्या काळात थिएटरात ऑर्गन वाजवणारे, त्यामुळे पडद्यावरच्या हालचालीला सूर जोडणं त्यांच्या हाडात होतं. मालिकेच्या बऱ्याच भागांत स्मेताना या चेक संगीतकाराच्या एका ऑपेरातलं विदूषकांचं नृत्य पाठलागाला वापरलंय. तुम्ही त्या ॲनिमॅटिकला सलग ढोलकी लावली आहे. ती थांब्याच्या जागी बंद करा, बाकी नंतर बघू.

पार्श्वभूमीचं मात्र आत्ताच बदला. या पहिल्या फिल्मचे लेआउट (दृश्यांची मांडणी) रॉबर्ट ग्रिबब्रोक यांचे आणि रंगवणं पीटर अल्वाराडो यांचं. खडक बऱ्यापैकी खऱ्यासारखे आहेत. पुढे मॉरिस नोबल यांनी ते वाळवंट अधिकाधिक सपाट, आकारांचं आणि धीट रंगांचं केलं. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: चित्रात पात्र कुठे आहे हे शोधावं लागत नाही. मोकळी जागा भरपूर, आणि रस्त्याची रेघ डोळ्याला जिथे न्यायचं तिथे नेते. तुमच्या खाचरात रोपं आहेत, झाडं आहेत, झोपडी आहे, इंद्रधनुष्यसुद्धा आहे. चित्र सुंदर आहे, हे मनापासून सांगतो, आणि त्याच कारणाने त्यात बेडूक हरवतो. तुमच्याकडे रस्ता तयार आहे: बांध. बेडूक बांधावर असेल तेव्हा बगळा खाचरात, बेडूक पाण्यात असेल तेव्हा बगळा बांधावर. इतकीच भूगोलाची शिस्त ठेवा. आवणाच्या आधीचं नुसतं पाणी भरलेलं, चिखल केलेलं खाचर घ्या, रोपं लावलेलं नको. मोकळी जागाही मिळेल आणि आभाळाचं प्रतिबिंबही.

आता तुमचा बगळा. तुम्ही पांढराशुभ्र बगळा घेतलाय. त्याऐवजी ढोकरी घ्या, डबक्याकाठी दिसणारी ती मातकट बगळ्याची जात. ती उभी असते तेव्हा चिखलात अशी मिसळून जाते की दोन हातांवरून माणूस निघून जातो आणि त्याला दिसत नाही. आणि उडाली की पंख एकदम पांढरे फटक. निसर्गाने तुम्हाला विनोद आयता दिलाय. उभी आहे तोवर तिच्यासारखी शिकारी नाही. हलली की सगळ्या खाचराला कळलं. म्हणजे तुमच्या पात्राचा शत्रू गुरुत्वाकर्षण नाही, त्याची स्वतःची अधीरता आहे. सगळ्या युक्त्या याच एका गोष्टीवर बेतता येतील, आणि बेडकाला काहीच करावं लागणार नाही. तो फक्त वेळेवर उडी मारेल, किंवा नुसताच बघत बसेल.

चौथा शॉट असा करून बघा. ढोकरी उभी, मान आखडलेली. ४० फ्रेम काही नाही. ४१व्या फ्रेमला एक पापणी, ४ फ्रेमची. पुन्हा २० फ्रेम काही नाही. बेडूक कडेने चित्रात येतो आणि तिच्याच पायाला टेकून बसतो. आता तिचं डोकं हलवू नका. फक्त बुबुळ खाली, ३ फ्रेममध्ये. मग धरा. किती धरायचं ते मी सांगणार नाही. १२, १६ आणि २४ अशा तीन पेन्सिल टेस्ट करा, कुणाला काही न सांगता वर्गातल्या तिघांना दाखवा आणि पडद्याऐवजी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघा. चोच मारणं मात्र २ फ्रेमचं, मध्ये एकही इन-बिट्वीन (दोन मुख्य चित्रांमधलं चित्र) नको, हवं तर एक ताणलेलं चित्र. पाण्यावर वर्तुळं उमटू द्या. बेडूक तिच्या पाठीवर बसलेला आहे हे लगेच दाखवू नका. आधी वर्तुळं विरू द्या. तिन्ही टेस्ट आणि भरलेलं शीट पाठवा, मी फ्रेम मोजून बघतो.